शेवटच्या पानाची उतारी

दसरा उलटला की शिरूर–न्हावरा–चौफुला रस्त्यावरच्या टपऱ्यांवर एकच प्रश्न चघळला जातो : यंदा कोंडी कोण फोडणार? ऊस तोडीला आलेला, कोयते गावाबाहेर कोप्या घालून बसलेले, बॉयलरचे अग्निप्रदीपन उरकलेले. फक्त पहिल्या उचलीचा आकडा कोणत्याच साखर कारखान्याच्या तोंडून बाहेर पडत नाही. केंद्राने एफआरपी, म्हणजे उसाचा किमान दर, ठरवून दिलेली असते. २०२५-२६ च्या हंगामासाठी ती १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये आहे, त्यातून तोडणी-वाहतूक वजा. खालची रेघ अशी कायद्याने आखलेली, वरचे मैदान मोकळे. त्या मैदानात पहिले पाऊल टाकायला कोणी राजी नाही, कारण जो आधी बोलतो त्याचा आकडा शेजारी वाचतो. मग शेजाऱ्याने त्यावर दहा-वीस रुपये चढवायचे, की तेवढाच जाहीर करून हात झटकायचे, हे तो सवडीने ठरवतो.

तरीही दरसाल कोणीतरी आधी बोलतोच. एखाद्याला ऊस कमी पडणार असतो आणि केडगावकडचे गुऱ्हाळवाले रोख पैसे मोजून उभे फड उचलतील अशी भीती असते. एखाद्याला आपल्या उताऱ्याची खात्री असते. एखादा मुद्दाम लहान आकडा आधी टाकतो, म्हणजे बाजार तिथेच बांधला जावा आणि पुढचे दुखणे टळावे. तिघांचे कारण निराळे, कृती मात्र एकच. बाहेरून बघणाऱ्याला ती एकसारखीच दिसते, आणि सगळी मौज नेमकी तिथे आहे.

हाच पेच पोकरच्या टेबलावरही पडतो. घोडकाठचे शिरूर आणि भीमाकाठचे दौंड यांना पोकर हा खेळ परका वाटेल. पत्ते परके नाहीत. पुणे–दौंड गाडीत मांड्यांवर रुमाल पसरून डाव मांडणारी टोळकी, यात्रेच्या रात्री चालणारी तीन पत्ती, लग्नघरी माळवदावर रंगणारा मेंढीकोट, हे सगळे ओळखीचे. मेंढीकोट खेळणाऱ्याला तर पोकरमधली सर्वांत अवघड गोष्ट आधीच ठाऊक असते. उतारी ज्याची, त्याला समोरच्या तिघांचे काहीच दिसलेले नसते. चौथ्या हाताला तिन्ही पाने उघडी दिसतात, मग तो सावकाश ठरवतो की मेंढी टाकायची की दुर्री. मेंढीकोटात उतारी हात करणाऱ्याकडे फिरते. पोकरमध्ये टेबलावर पाने उघडू लागली की डाव संपेपर्यंत ती फिरत नाही. जो आधी बोलायला बसला तो शेवटच्या पानापर्यंत आधीच बोलणार.

टेक्सस होल्डेम या सर्वाधिक खेळल्या जाणाऱ्या प्रकारात प्रत्येकाच्या हाती दोन झाकलेली पाने असतात आणि मध्ये पाच उघडी पडतात : आधी तीन एकदम, मग एक, मग शेवटचे एक. या पाचव्या पानाला रिव्हर म्हणतात. हातातली दोन आणि मधली पाच, या सातांतून उत्तम पाच पानांचा हात जमवायचा. प्रत्येक टप्प्यावर बोली होते. पैसे लावायचे, किंवा काही न लावता बोलणे पुढे सरकवायचे. त्याला चेक म्हणतात. आता गेल्या टप्प्यावर समोरच्याने पैसे लावले होते आणि आपण नुसते तेवढेच पैसे भरले होते, अशा वेळी पुढच्या पानावर आधी बोलण्याची पाळी आपली. शहाणपण सांगते : चेक. ज्याने डाव तापवला त्यालाच पुढे बोलू द्यावे. हा शिरस्ता मोडून जो आपणच आधी पैसे लावतो, त्याच्या बोलीला पोकरवाल्यांनी नाव दिले डाँक बेट, म्हणजे सरळसरळ गाढवाची बोली. कित्येक वर्षे ही नवशिक्याची खूण मानली जाई. टेबलावर असा कोणी दिसला की जाणते एकमेकांकडे पाहून हसत.

एक डाव मांडून पाहू.

दुसऱ्याने, म्हणजे नंतर बोलणाऱ्याने, सुरुवातीलाच दणदणीत बोली लावली. पहिला, म्हणजे आधी बोलणारा, तेवढे पैसे भरून डावात राहिला. बाकीच्यांनी पाने टाकली, म्हणजे डाव सोडला. मध्ये पडली तीन पाने : बदामचा राजा, इस्पिकची सत्ती, चौकटची अठ्ठी. पहिल्याने चेक केले, दुसऱ्याने पैसे लावले, पहिल्याने भरले. चौथे पान किलवरची दुर्री. पुन्हा तेच : चेक, बोली, भरणा. मधल्या राशीत आता ४,००० चिप्स आहेत. आणि पाचवे पान पडते इस्पिकची छक्की.

हे पान कोणाचे? टेबलावर पाने सगळ्यांचीच असतात, तरी हा प्रश्न खुळा नाही. दुसऱ्याने सुरुवातीपासून जोर लावला, म्हणजे त्याच्याकडे मोठी पाने असणार. एक्का-राजा, राजा-राणी, नाहीतर एक्क्यांची जोड. त्याला छक्कीशी काय देणेघेणे? पहिला मात्र गुपचूप पैसे भरत आला आहे. त्याच्याकडे नव्वी-दश्शी असू शकते. मग सहा-सात-आठ-नऊ-दहा अशी पाच पानांची ओळ लागली, आणि या डावात त्याहून मोठा हात कोणाकडे असणे शक्य नाही. त्याच्याकडे पंजी-चौकी असू शकते, अठ्ठी-छक्की असू शकते. राजा पडला तेव्हा डाव दुसऱ्याचा होता. छक्की पडली आणि डावाने कूस बदलली. हे दोघांनाही दिसते.

आता पहिल्याकडे खरोखरच नव्वी-दश्शी आहे असे धरा. शिरस्त्याप्रमाणे त्याने चेक केले, तर दुसरा एक्का-राजा हातात घेऊन काय करील? छक्की त्यालाही दिसली आहे. तोही चेक करील, पाने उघडतील, आणि पहिल्याला सर्वोत्तम हात असूनही शेवटच्या पानावर एक चिपही मिळणार नाही. सापळा लावून बसावे आणि सावजाने त्या वाटेला फिरकूच नये, तशी गत. म्हणून इथे आधी बोलणे हाच सरळ हिशोब.

पण फक्त जमलेल्या हातावरच आधी बोलायचे असे ठरवले, तर दुसरा काही दुधखुळा नाही. पहिला बोलला की तो पाने टाकून मोकळा होईल. त्यामुळे काही वेळा काहीच न जमलेल्या हातावरही हीच बोली लावावी लागते. गुलाम-दश्शीचेच घ्या. ती नव्वीच्या आशेवर इथवर आली, नव्वी आली नाही, साधी जोडही लागली नाही. पाने उघडून ती जिंकणे कठीण, बोलून मात्र जिंकू शकते. किती वेळा थाप मारायची याचे उत्तर बोलीच्या आकारात दडलेले असते. ४,००० च्या राशीत ३,००० लावले तर दुसऱ्याला ३,००० घालून एकूण १०,००० ची रास मिळवायची असते. दहातले तीन वेळा तो जिंकला तरी बरोबरी साधते. म्हणून पहिल्याच्या अशा दहा बोल्यांत सात खऱ्या आणि तीन थापा असाव्यात. त्याहून थापा कमी असतील तर कोणी पैसे भरणार नाही, जास्त असतील तर तो दरवेळी पकडला जाईल. ४,००० लावले तर तीनात एक थाप खपते. हजारच लावले तर सहात एक. मोठ्या आवाजात जास्त खोटे खपते, हे निवडणुकीच्या सभेला बसलेल्या कोणालाही वेगळे शिकवावे लागणार नाही.

हंगेरीत जन्मलेले गणिती जॉन फॉन नॉयमन यांनी १९२८ मध्ये खेळांच्या गणितावरचा आपला प्रसिद्ध निबंध छापला आणि १९४४ मध्ये ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्याबरोबर लिहिलेल्या ग्रंथात पोकरला स्वतंत्र जागा दिली. पोकर त्यांनी सोलून सोलून गाभ्यापर्यंत आणला : दोन खेळाडू, प्रत्येकाला गुप्तपणे एक अंक, एक बोली. निघालेला निष्कर्ष आजही नवख्याला चक्रावून टाकतो. थाप मारायची ती सर्वांत वाईट हातावर, मध्यम हातावर नव्हे. मध्यम हात मुकाट ठेवायचा, कारण तो उघडल्यावर कधीमधी जिंकतोही. त्याला बोलायला लावले तर त्याच्यापेक्षा हलके हात पळून जातात आणि भारी हात थांबतात. शेवटच्या पानाला हे गणित चपखल लागू पडते. त्याआधीच्या टप्प्यांवर अजून पाने यायची असतात, आशा जिवंत असते. रिव्हरनंतर आशा नाही. हात जिंकलेला तरी असतो किंवा हरलेला.

पान बदलल्यावर आधी बोलावे हे पटले, की माणूस प्रत्येक पानावर आधी बोलू लागतो. हाही रोगच. लास वेगासच्या २००३ च्या जागतिक स्पर्धेच्या मुख्य लढतीत ८३९ खेळाडू उतरले होते आणि अखेरीस दोघे उरले : टेनेसीचा हिशेबनीस ख्रिस मनीमेकर आणि मुरलेला व्यावसायिक सॅम फार्हा. त्यांच्यातल्या सर्वांत गाजलेल्या डावात चौथ्या पानावर मनीमेकरने बोली वाढवली आणि फार्हाने ती भरली. शेवटचे पान बदामची तिर्री पडले. आधी बोलायचे होते फार्हाला. हातात नव्व्यांची जोड, मधल्या पानांतली सर्वांत मोठी. त्याने चेक केले. मनीमेकरने हातात काहीही नसताना सगळ्या चिप्स पुढे सारल्या, फार्हाने बराच विचार करून पाने टाकली, आणि अमेरिकेत घरोघरी पोकरची लाट उठायला हा एक डाव मोठे कारण ठरला. फार्हा पुढे होऊन बोलला असता तर, असे हळहळणारे अजून भेटतात. पण तिर्रीने काय बदलले होते? काहीच नाही. चेक बरोबरच होता. चूक असलीच तर पाने टाकण्यात, आणि तीही घरबसल्या दोघांचीही पाने पडद्यावर बघणाऱ्यांना दिसणारी.

गाढवाच्या बोलीची अब्रू माणसांनी नाही, यंत्राने परत मिळवून दिली. २०१५ च्या सुमारास डावाचे गणित सोडवणारी सॉल्व्हर नावाची सॉफ्टवेअरे खेळाडूंच्या हाती आली आणि छक्कीसारख्या डाव पालटणाऱ्या पानांवर ती बिनदिक्कत आधी बोलताना दिसू लागली. मग २०१९ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाचे नोम ब्राउन आणि टुओमास सँडहोम यांनी फेसबुकच्या संशोधन विभागासोबत बनवलेल्या प्लुरिबस या प्रणालीचा अहवाल 'सायन्स' या नियतकालिकात आला. एका प्रयोगात टेबलावर पाच व्यावसायिक खेळाडू आणि एक प्लुरिबस, बारा दिवस, १०,००० डाव, जिंकले यंत्र. त्याला घडवायला ६४ कोअरचा एक सर्व्हर आठ दिवस चालवावा लागला आणि भाड्याच्या दराने खर्च दीडशे डॉलरच्या आत होता. त्याने माणसांचे डाव अभ्यासले नव्हते, स्वतःशीच खेळून ते शिकले होते. जाणत्यांची काही मते त्याने उचलून धरली. डाँक बेट म्हणजे चूक, हे मत मात्र त्याला मान्य नव्हते. कसलेल्या माणसांपेक्षा ते कितीतरी जास्त वेळा आधी बोलत असे. ज्याला कोणी गाढव म्हणेल याची भीतीच नाही, त्याला ही बोली सहज सुचली. माणसांच्या टेबलावर तिला अडवत होती ती बहुतेक लाजच.

लहान बोलीचे प्रकरण वेगळे. पहिल्याकडे नव्वी-दश्शी नसून राजा-गुलाम आहे असे धरा. हात बरा आहे, मोठा नाही. चेक केले आणि दुसऱ्याने ३,००० लावले तर पंचाईत. म्हणून काही जण आपणच हजार लावतात : एवढ्यात काय ते उरका, अशी ही विनवणी. समोरचा मवाळ असेल तर ती ऐकतो. कडक असेल तर त्या हजारातच दुबळेपणा वाचतो आणि ६,००० करून परत पाठवतो. लहान आकडा आधी टाकून बाजार बांधू पाहणाऱ्या कारखान्याचेही असेच होते. शेजाऱ्याने पन्नास रुपये जास्त जाहीर केले की ट्रॅक्टर-ट्रॉल्या तिकडे वळतात आणि मग सुधारित दराचे पत्रक काढावे लागते. एक फरक मात्र आहे. पोकरच्या राशीत खेळणाऱ्यांनी स्वतः घातलेले पैसे असतात. कारखान्यांच्या डावात मधली रास फडात उभी असते आणि तिच्या मालकाला टेबलावर जागा नसते.

हे सगळे खेळायचे कुठे, हा प्रश्न शिरूर–दौंडकराने विचारला तर उत्तर तोकडे आहे. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा अजून चालतो, आणि छाप्याच्या बातमीत रोकड, मोबाइल, दुचाक्या यांच्या शेपटाला 'पत्त्यांचा कॅट' हा मुद्देमाल ठरलेला. याच राज्याने १९७६ मध्ये कॅसिनोंवर नियंत्रण आणि कर यांचा कायदा केला, तो एक दिवसही अमलात आणला नाही, आणि २०२३ मध्ये रद्द करून टाकला. सत्तेचाळीस वर्षे सरकारने चेक केले आणि शेवटी पाने टाकली, असे म्हणायला हरकत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९६७ च्या सत्यनारायण खटल्यातल्या निकालाने रमीला कौशल्याचा खेळ ठरवले. प्रकरण सिकंदराबादच्या एका क्लबचे होते. पडलेली पाने ध्यानात ठेवावी लागतात, कोणते धरायचे आणि कोणते सोडायचे याला डोके लागते, हे कारण. तीन पानांचा खेळ मात्र निव्वळ नशिबाच्या खात्यात गेला. पोकर दोहोंच्या मध्ये लोंबकळत राहिला. पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्याने त्याला जुगारातून वगळले, गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्याला जुगारच म्हटले. गोव्यात मांडवीच्या पात्रात नांगरलेल्या जहाजांवर तो उघड चालतो.

मोबाइलवर पैसे लावून खेळण्याची वाट ऑगस्ट २०२५ मध्ये बंद झाली. ऑनलाइन गेमिंगचे विधेयक लोकसभेत २० तारखेला, राज्यसभेत २१ ला मंजूर झाले, २२ ला राष्ट्रपतींची सही झाली. कौशल्य की नशीब, हा अर्धशतकाचा वाद या कायद्याने सोडवला नाही. पैसे लावले की बंदी, एवढेच म्हटले. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, खेळणाऱ्याला शिक्षा नाही. कर्ज काढून रमी-पोकरच्या ॲपात पैसे घालणाऱ्या तरुणांच्या घरांनी सुटकेचा श्वास टाकला असेल, आणि त्यांच्याशी वाद घालावा असे काही पोकरच्या गणितात नाही. तिथे सातास तीन हे प्रमाण हजारो डावांवर खरे ठरते. पगार त्याआधी संपतो.

कागदावर मात्र डाव मांडायला कोणाची परवानगी लागत नाही, आणि कागदावरचा अर्धा डाव अजून बाकी आहे. आता खुर्ची बदलू. छक्की पडली आहे, ४,००० ची रास आहे, पहिल्याने आधी बोलून ३,००० लावले आहेत, आणि निर्णय दुसऱ्याचा आहे. त्याने दरवेळी पाने टाकली तर पहिला कोणत्याही दोन पानांवर थापा मारत सुटेल. ते रोखायचे तर या बोलीला त्याने साधारण सातातले चार वेळा पैसे भरलेच पाहिजेत. मग कोणते चार हात ठेवायचे आणि कोणते तीन टाकायचे? राजा-राणी आणि राजा-नव्वी या दोन हातांची किंमत पहिल्याच्या थापेपुढे एकच, कारण जोड राजांचीच आणि गुलाम-दश्शी दोघांकडून हरते. भल्याभल्यांचा हात राणीकडे जातो. राणी मोठी, दिसायलाही भारदस्त. पण एक नव्वी आपल्या हातात असली की पहिल्याकडे नव्वी-दश्शी असण्याच्या सोळा जोड्यांपैकी चार कटतात, उरतात बारा. गुलाम-दश्शीच्या, म्हणजे थापेच्या, सोळाच्या सोळा जोड्या शाबूत राहतात. राणी हातात असली तर यातले काहीच हलत नाही. म्हणून सॉल्व्हर राजा-राणी टाकतो आणि राजा-नव्वीवर पैसे भरतो.